वर्गातला चंद्र, मैदानावरचा चंद्र

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला, तेव्हा देशभरातल्या असंख्य शाळांनी मुलांना थांबवून घेऊन तो क्षण पडद्यावर दाखवला. मीही एका प्राथमिक शाळेच्या सभागृहात मुलांच्या मागे उभा राहून तो पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि मुलांबरोबर पेढाही खाल्ला. बाहेर पडल्यावर लक्षात आले की चंद्र शाळेच्या छपरावरच होता. त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. अर्ध्याहून किंचित कमी उजळलेला चंद्र दक्षिणेकडे चांगला वर आला होता आणि पावसाने उघडीप दिल्यामुळे दिवसाउजेडीही स्वच्छ दिसत होता. सभागृहातली सगळी मुले पडद्यावरच्या आलेखाकडे डोळे लावून बसली होती, आणि ज्याच्यावर यान उतरत होते तो चंद्र पंचवीस पावलांवरच्या मैदानात जाऊन पाहावा असे एकाही मोठ्या माणसाला सुचले नाही. मलाही सुचले नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना सूर्यमाला आणि अवकाश संशोधन शिकवावे की नाही, याबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो तोही याच बंद सभागृहात बसून चालतो. रत्नागिरी, पुणे अशा जिल्हा परिषदांनी परीक्षा घेऊन निवडलेल्या विद्यार्थ्यांना इस्रो आणि नासा दाखवण्याच्या योजना काढल्या, २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिवस ठरला, शाळांच्या भिंतींवर ग्रहांची चित्रे आली, आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, पोरांना धड जोडाक्षरे वाचता येत नाहीत आणि यांना मंगळावर न्यायला निघाले आहेत. दुसरा म्हणतो, आजच स्वप्ने पेरली नाहीत तर उद्याचे शास्त्रज्ञ कुठून येणार? दोघांची तळमळ खरी असेल, पण दोघांनीही अवकाश म्हणजे लांबची, महागडी, तक्त्यावर किंवा पडद्यावरच पाहता येणारी वस्तू, असे न बोलता मान्य करून टाकले आहे. माझे म्हणणे असे की आकाशाची ओळख पहिलीपासूनच करून द्यावी, आणि ती वाचन-गणिताच्या आड येत नाही. मात्र तिची सुरुवात ग्रहांच्या नावांनी आणि थर्माकोलच्या अग्निबाणांनी न करता सावली, चंद्र आणि क्षितिज यांनी करावी. आजवर पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ येत आला आहे. तो पाठ मुलाने चार वर्षे जमवलेल्या प्रश्नांचे उत्तर म्हणून त्याच्यापुढे यायला हवा.

पहिल्या तटाची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी यासाठी देशाला २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ नावाचे वेगळे अभियान हाती घ्यावे लागले, यातच आपली अवस्था दिसते. दहाव्या वर्षी जे मूल चार ओळी वाचू शकत नाही त्याचे विज्ञान, इतिहास, पुढे सातबारा वाचणे, सगळेच अडते. अशा मुलाकडून आठ ग्रहांची नावे क्रमाने म्हणवून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण यातून आकाश नको असा निष्कर्ष कसा निघतो? वाचायला शिकणाऱ्या मुलाला वाचण्यासारखे आणि लिहिण्यासारखे काहीतरी लागते. मैदानात रोवलेल्या काठीची सावली सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना सुतळीने मोजायची, ती वहीत मांडायची, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि ‘दुपारी सावली सर्वांत लहान होती’ हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायचे, यात मापन, वजाबाकी आणि लेखन हे तिन्ही आले. वाचनाचा तास कापून आकाश शिकवावे लागते ही कल्पना आकाशाला पाठांतराचा विषय मानल्यामुळे जन्मली आहे.

गरीब देशाला हे परवडते का, या आक्षेपाला मात्र फार जागा देण्याचे कारण नाही, कारण तो साठ वर्षांपूर्वीच तपासला गेला आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा देश अन्नधान्यासाठी परदेशाकडे पाहत होता, आणि हेच प्रश्न विक्रम साराभाईंना विचारले गेले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातला सकाळचा वेळ होता तो शाळेतल्या मुलांसाठीच. अवकाश आणि गावची शाळा यांचे नाते आपल्याकडे चंद्रयानापेक्षा बरेच जुने आहे.

खरा विचार करायला लावणारा आक्षेप वयाचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला पृथ्वी गोल आहे, ती फिरते आणि तरी आपण पडत नाही, हे खरोखर समजते का? १९९२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या साठ मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पृथ्वीचा आकार विचारला की बहुतेक मुले ‘गोल’ म्हणत, पण चित्र काढायला लावले, ‘सरळ चालत राहिलात तर कुठे पोहोचाल’ असे विचारत गेले, की निराळेच काही बाहेर येई. कुणाच्या मनातली पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि सपाट होती. कुणाच्या मते ती पोकळ चेंडू होती आणि माणसे आतल्या सपाट जमिनीवर राहत होती. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या, एक पायाखालची सपाट आणि एक आकाशातली गोल. पुढे १९९६ मध्ये हैदराबादच्या पहिली आणि तिसरीच्या मुलांबद्दलचा असाच अभ्यास आला. तिथे अनेक मुलांची पृथ्वी पाण्यावर टेकलेली किंवा तरंगणारी होती. घरी ऐकलेली पुराणकथा आणि शाळेत ऐकलेला ‘गोल’ हा शब्द यांचा त्यांनी आपापल्या परीने मेळ घातला होता.

‘म्हणूनच हा विषय पुढे ढकला’ असे म्हणणारे याच अभ्यासांकडे बोट दाखवतील. मी त्यांचा अर्थ उलटा लावतो. मुलाचे डोके रिकामे राहून शाळेची वाट पाहत नाही; शाळा गप्प राहिली तरी त्यात एक विश्व तयार होतच असते, आणि ते फार चिवट असते. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी आपल्या शहरांतले रस्ते ओस पडले होते. दारे-खिडक्या लावून घरात बसलेल्यांत शाळा शिकलेली, ग्रहणाची आकृती परीक्षेत काढून गुण मिळवलेली माणसे काही थोडी नव्हती. आकृती वहीत राहिली आणि भीती मनात, दोघींची कधी भेटच झाली नाही. उशिरा शिकवल्याने हे टळले का? ते टळायचे तर मुलाच्या मनातली पृथ्वी कशी आहे हे आधी त्यालाच बोलू द्यावे लागेल, आणि ते काम पहिली-दुसरीतच सोपे असते, कारण चुकीचे उत्तर द्यायची लाज तोवर वाटू लागलेली नसते.

पण हेच अभ्यास उत्साही तटालाही अडचणीत आणतात. शाळेच्या भिंतीवर सूर्यमालेचे जे चित्र रंगवतात ते पाहा. डाव्या कोपऱ्यात सूर्य, मग हारीने आठ ग्रह, जवळजवळ, आणि आकाराने फारसे वेगळे नसलेले. आता सूर्य फुटबॉलएवढा मानला तर पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी होते आणि फुटबॉलपासून सुमारे चोवीस मीटरवर ठेवावी लागते, म्हणजे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. गुरू आवळ्याएवढा, पण सव्वाशे मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर. नेपच्यून सातशे मीटरवर, बहुधा गावाबाहेर. मोहरीपासून सहा सेंटिमीटरवर खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा चंद्र, आणि माणूस आजवर गेला आहे तो तिथपर्यंतच. फुटबॉल, मोहरी आणि आवळा कोणत्याही खेड्यात मिळतात, आणि तिसरी-चौथीची मुले हे अंतर पावलांनी चालून मोजू शकतात. भिंतीवरचे चित्र त्यांना नेमके हेच, म्हणजे अवकाशातली पोकळी, कधीच दाखवत नाही. पृथ्वीच्या कक्षेच्या आकृतीचे तसेच. ती तिरप्या नजरेने काढलेली असल्यामुळे लांबट अंड्यासारखी दिसते आणि मुले सहज ठरवून टाकतात की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जेव्हा निफाडची द्राक्षे थंडीने काकडत असतात. सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, ती जुलैच्या सुरुवातीला असते. चुकीच्या चित्राने लवकर शिकवण्यापेक्षा न शिकवलेले परवडले, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

राष्ट्राभिमानाच्या युक्तिवादाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळा अचानक कच्च्या वाटू लागल्या. १९५८ मध्ये तिथे शिक्षणासाठी कायदा झाला आणि त्याच्या नावातच ‘राष्ट्रीय संरक्षण’ हे शब्द होते. पैसा आला, प्रयोगशाळा आल्या, शास्त्रज्ञही घडले. पण शाळेकडे शास्त्रज्ञ पुरवणारी भरतीची छावणी म्हणून पाहिले की वर्गातल्या चाळीसपैकी ज्या एकोणचाळीस जणांना शास्त्रज्ञ व्हायचे नाही त्यांचे काय, हा प्रश्न कुणाचाच उरत नाही. आमच्या गावची मुलगी पुढे परिचारिका झाली, शेती करू लागली, बसची वाहक झाली, तर तिला चंद्राच्या कला कळण्याचा हक्क कमी होतो का? शिवाय अभिमानाला यशच साजरे करता येते. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ च्या विक्रमशी संपर्क तुटला, तेव्हा तो चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे दोन किलोमीटरवर होता. त्यानंतरची चार वर्षे काय चुकले ते शोधण्यात, पाय मजबूत करण्यात, उतरण्याची जागा ऐसपैस धरण्यात गेली. दहा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या वहीत रोज लाल फुल्या पडतात, यातले काय अधिक उपयोगाचे आहे? २०१९ ची ती पहाट वगळून २०२३ ची संध्याकाळ सांगणे म्हणजे गणित गाळून उत्तर सांगणे.

नुसत्या यादीचे आयुष्यही फार नसते. माझ्या पिढीने नऊ ग्रह घोकले आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागला भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले गेले. ज्यांनी यादी पाठ केली होती त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले. ग्रह कशाला म्हणायचे हा प्रश्न ज्यांच्या मनात होता त्यांना मजा वाटली.

मग सुरुवात कुठून करायची? या प्रश्नाचे एक उत्तर मराठीत दोनशे वर्षांपूर्वी शोधले गेले होते आणि आपण ते विसरलो. १८३० च्या दशकात भोपाळजवळच्या सीहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी एक पाठशाळा चालवीत होता. कोपर्निकसचे मत शास्त्र्यांच्या माथी एकदम मारले तर ते झिडकारतील, हे त्याने ओळखले. पृथ्वी गोल आहे आणि निराधार आहे हे भास्कराचार्यांनी आधीच सांगितलेले आहे, तेव्हा तिथून एकेक पाऊल पुढे जायचे, अशी ती रीत होती. त्याच्याच पाठशाळेतले पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहून हा सगळा विचार मराठीत मांडला. विल्किन्सनच्या हेतूंत वसाहतवादी अहंकार नव्हता असे मी म्हणणार नाही, पण शिकणाऱ्याकडे जे आहे तिथून निघायचे हे त्याचे तत्त्व आजच्या बहुतेक प्रशिक्षण शिबिरांपेक्षा शहाणे होते.

आपल्या मुलांकडे काय आहे? ‘मृग लागला’ हे शब्द आहेत. दर वर्षी ७ जूनच्या सुमारास घरातले म्हातारे माणूस ते म्हणते आणि पेरणीची बोलणी सुरू होतात. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला, आणि म्हणूनच त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही, तो सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. तोच मृग डिसेंबरात दिवेलागणीला पूर्वेकडे वर येतो, त्याच्या पोटातले तीन तारे सरळ रेषेत. जूनमध्ये सूर्याआड लपलेले नक्षत्र सहा महिन्यांनी रात्रभर का दिसते, या एका प्रश्नाच्या पोटात पृथ्वीची प्रदक्षिणा आहे. मुलांकडे संकष्टीही आहे. आई चंद्रोदयासाठी रात्री साडेआठ-नऊपर्यंत खोळंबते आणि मोदकांवर डोळा ठेवून मूलही खोळंबते. मग विनायकीच्या चतुर्थीला सूर्य मावळतानाच चंद्राची कोर पश्चिमेला आयती कशी असते? दोन्ही चतुर्थीच, एकीला चंद्र लवकर आणि एकीला उशिरा! कॅलेंडरवर चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. चौथीतले मूल महिनाभर स्वतः नोंद करून पाहील तर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो हे त्याला कुणी सांगावे लागणार नाही. यात श्रद्धेला धक्का नाही आणि अंधश्रद्धेला थाराही नाही. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असे सांगणारे आजोबा आणि नेमका तोच पाहायचा असे ठरवलेला नातू यांच्यातला वाद घरातल्या घरात होऊ द्यावा.

‘शाळा दिवसा भरते, तारे रात्री दिसतात’ ही अडचण सगळे सांगतात, आणि ती अर्धीच खरी आहे. शुद्ध अष्टमीच्या आसपास शाळा सुटताना चंद्र आकाशात चांगला वर असतो. सूर्य तर रोजच हजर असतो. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर आणि नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात. एकाच राज्यात तो तीन आठवडे उत्तरेकडे सरकत जातो, आणि पृथ्वी गोल असल्याचा याहून स्वस्त पुरावा मला माहीत नाही. दुर्दैव असे की तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि परतीचा शून्य सावलीचा दिवस जुलै-ऑगस्टच्या ढगांत बुडतो. तरी कोल्हापूरच्या मामाने आणि नागपूरच्या भाचीने फोनवर सावल्या पडताळून पाहायला कोणती सुट्टी आड येते?

आकाश हा एकच विषय असा आहे की ज्यात धडगाव-मेळघाटातल्या शाळेकडची सामग्री मुंबईतल्या महागड्या शाळेहून सरस आहे, हेही नोंदवले पाहिजे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली ती तिथल्या काळोखासाठी. ज्या शाळेत स्मार्ट बोर्ड बंद पडून आहे तिच्या अंगणातून आकाशगंगा दिसते, आणि वातानुकूलित वर्गातल्या मुलाला ती चित्रातच पाहावी लागते. मागास म्हणून ज्यांची कीव केली जाते त्या मुलांपुढे सूर्यमाला पुन्हा तक्त्यावरच ठेवून आपण त्यांचा एकमेव वरचष्माही काढून घेतो.

आणि याने अवकाश मोहिमांचे महत्त्व कमी होत नाही, उलट त्या समजू लागतात. विक्रम नेमका सप्तमीलाच का उतरला? तो सौर ऊर्जेवर चालणार होता, चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा असतो, आणि काम पुरे व्हायचे तर त्या जागी सूर्य उगवल्यावर लगेच उतरणे भाग होते. पृथ्वीवरून पाहताना चंद्र अर्धा उजळण्याच्या बेतात असतो तेव्हा त्या जागी नुकतीच सकाळ झालेली असते. ज्या मुलाने दोन महिने चंद्राची चित्रे वहीत काढली आहेत त्याला हे खडूच्या दोन रेघांनी सांगता येते. ज्याने काढलेली नाहीत त्याला आपण ‘ऐतिहासिक क्षण’ एवढेच सांगू शकतो. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर पाठवत. प्रश्न पडायला आधी काहीतरी पाहिलेले असावे लागते.

राहिला शिक्षकांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्या माणसाला आता आकाशही शिकव म्हणणे निर्दयपणाचे वाटते. ज्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला ते पेशाने शिक्षकच होते, हा दाखला देऊन आजच्या शिक्षकाला लाजवण्यात अर्थ नाही. दीक्षितांना दर आठवड्याला लिंक भरावी लागत नव्हती. म्हणून या कामासाठी नवा तास, नवा दिवस, नवे अभियान यांतले काहीही नको. कृष्ण पक्षातल्या अष्टमी-नवमीला सकाळचा परिपाठ झाला की मुलांना पश्चिमेकडे तोंड करून दोन मिनिटे उभे करावे, आणि काल चंद्र कुठे होता एवढे विचारावे. केंद्रप्रमुखांच्या गटावर त्याचा फोटो टाकण्याची सक्ती तेवढी करू नये. मोबाइलच्या फोटोत दिवसाचा चंद्र तसाही पांढऱ्या ठिपक्याएवढाच येतो.